वंशवृक्षाची जुळणी

नाशिक शहराच्या दक्षिणेस, मुंबईकडे जाणाऱ्या वाटेवर, त्रिरश्मि नांवाचा एक डोंगर आहे. लोक त्याला पांडवलेण्यांचा डोंगर म्हणतात. वास्तविक तेथील लेण्यांचा पांडवांशीं कांहीं संबंध नाहीं. तीं बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठीं कोरलेलीं आहेत. त्यांतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्याच्या पडवींत, ब्राह्मी लिपींत व प्राकृत भाषेंत, एक लांब लेख आहे. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावि याच्या राज्याच्या १९ व्या वर्षीं, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत, त्याची आजी गौतमी बलश्री हिनें तें लेणें भिक्षुसंघास अर्पण केलें. एका महाराजाची माता आणि एका महाराजाची आजी, अशी ती त्या लेखांत स्वतःची ओळख करून देते. तिचा पुत्र गौतमीपुत्र सातकर्णि, आणि नातू हा पुळुमावि. तीन पिढ्यांचा हा वंशवृक्ष होय. परंतु दगडावर वृक्ष कोठेंच नाहीं. तेथें आहेत त्या केवळ ओळी. वृक्ष वाचणाऱ्यानें मनांत उभा करावयाचा.

वंशवृक्ष हा शब्द मराठी माणसाच्या इतका सवयीचा आहे कीं, त्यांतील अडचण सहसा ध्यानांत येत नाहीं. कुटुंब फांद्यांनीं वाढतें. लेखन मात्र ओळीनें चालतें. एका बापाला चार मुलें असतात, पण एका शब्दानंतर एकच शब्द येऊं शकतो. तेव्हां फांद्या ओळींत कशा बसवाव्या, आणि ओळींतून त्या पुन्हा कशा उलगडाव्या, हा प्रश्न लेणीं कोरविणाऱ्यांना पडला, गोदातीरावरच्या उपाध्यायांना पडला, छापखान्यांत खिळे जुळविणाऱ्यांना पडला आणि गेल्या अर्ध्या शतकांत संगणकावर अक्षरजुळणी करणाऱ्यांनाहि पडला. प्रत्येकानें आपापल्या परीनें तोडगा काढला. त्या तोडग्यांत कोणाचें नांव टिकलें आणि कोणाचें गळून गेलें, हाच या इतिहासाचा महत्त्वाचा भाग आहे.

लेण्यांतील तोडगा असा होता कीं, प्रत्येक नांवास नात्याचा शब्द जोडावयाचा. याच डोंगरांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यांत क्षत्रप नहपान याचा जांवई उषवदात याचे लेख आहेत. उषवदात हा दिनीकाचा पुत्र आणि नहपानाचा जामात; दक्षमित्रा ही नहपानाची कन्या आणि उषवदाताची पत्नी. पुत्र, जामात, कन्या, पत्नी, या चार शब्दांवर दोन घराण्यांचा संबंध उभा राहतो. कागदावर दोन नांवांमध्यें रेघ ओढली, तर ती रेघ नुसती 'संबंध आहे' एवढेंच सांगते. कोणता संबंध, हें सांगण्यास रेघेवर एक शब्द लिहावा लागतो. लेण्यांत रेघा नाहींत, पण रेघेवरचे शब्द मात्र आहेत. गौतमीपुत्र व वासिष्ठीपुत्र या नांवांतहि तीच गोष्ट दिसते. राजपद पित्याकडून पुत्राकडे गेलें, तरी पुत्राच्या नांवावर मातेच्या गोत्राची खूण कायम राहिली.

डोंगरावरून गोदावरीच्या कांठीं यावें, तों तेथें दुसरी रीत दिसते. नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या घरीं यजमानांच्या नामावळी पिढ्यान् पिढ्या जतन केलेल्या आहेत. यात्रेकरू आला कीं त्याचें गांव व आडनांव विचारून जुनी चोपडी काढावयाची, त्याच्या पूर्वजांनीं केलेल्या नोंदी त्याला दाखवावयाच्या आणि त्याची नवी नोंद खालीं लिहून घ्यावयाची, असा हा परिपाठ. नोंदींत आजा, बाप, भाऊ, मुलगे यांचीं नांवें असतात. या वह्यांतहि वृक्ष काढलेला नसतो. तो दोन-चार पिढ्यांच्या नोंदी शेजारीं शेजारीं ठेवूनच सिद्ध होतो. श्राद्धविधींत तर नात्याचा शब्द, नांव आणि गोत्र यांचा उच्चार ठराविक क्रमानें करावा लागतो: पिता, पितामह, प्रपितामह; माता, पितामही, प्रपितामही; आणि त्यापुढें मातामहाकडील पुरुष. म्हणजे विधीच्या वेळीं आईची आणि आजीची आठवण अवश्य मानलेली आहे. घरच्या वंशावळींत मात्र तीच नांवें पुष्कळदां सांपडत नाहींत.

घरांतील एखादा वृद्ध वंशावळ सांगूं लागला म्हणजे तो ज्या क्रमानें बोलतो, तो ध्यानांत घेण्याजोगा आहे. अमक्याला तीन मुलगे. पहिल्याला दोन; त्यांतल्या थोरल्याला एक, धाकटा निपुत्रिक. दुसऱ्याचा वंश खुंटला. तिसऱ्याला चार. अशा रीतीनें तो एक फांदी टोंकापर्यंत सांगून संपवितो, मग मागें फिरतो आणि दुसरी धरतो. सांगणाऱ्याच्या मनांत सर्व स्वच्छ असतें. ऐकणारा मात्र 'दुसऱ्याचा' म्हणजे नेमका कोणाचा, येथें घोटाळतो. एका फांदीचें सांगणें कोठें संपलें, हें बोलण्यांत उघड होत नाहीं, एवढाच त्यांतील दोष.

कागद व बोरू हातीं असेल, तर हा घोटाळा सहज मिटतो. नांवें लिहून त्यांच्यामध्यें रेघा ओढल्या कीं काम झालें. शिळाप्रेसावरहि अडचण नव्हती. गणपत कृष्णाजी यांनीं मुंबईंत १८३१ सालीं शिळाप्रेसावर मराठी पंचांग छापलें. त्या पद्धतींत हातानें जें लिहावें तेंच उमटतें. अक्षर आणि रेघ यांत भेद राहत नाहीं. खरी अडचण आली ती शिशाच्या खिळ्यांनीं. जावजी दादाजी यांनीं १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना काढला आणि देवनागरी टाईप सुबकपणाच्या शिखरास पोंचविला. परंतु खिळा हा चौकोनी. तो शेजारच्या खिळ्याला चिकटून बसतो. मोकळी जागासुद्धां कोऱ्या धातूनें भरून काढावी लागते, तेव्हांच सगळा मजकूर चौकटींत घट्ट आवळतां येतो. अशा चौकटींत तिरपी फांदी बसविणें महाकठीण. म्हणून छापील वंशावळींतील रेघा आडव्या आणि उभ्याच असत. त्या पितळेच्या पट्ट्या मापानें कापून बसवाव्या लागत. सर्व जुळवून झाल्यावर एखाद्या आप्ताचें पत्र येई कीं, अमक्याच्या एका मुलाचें नांव राहून गेलें. मग त्या एका नांवासाठीं सगळी ओळ उकलून प्रत्येक पट्टी नव्यानें मापावी लागे.

विसाव्या शतकांत मराठींत कुलवृत्तांतांची परंपरा चांगलीच वाढली. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळी संकलित करून अभ्यासकांची मोठी सोय केली. परंतु घराणें मोठें झालें कीं पान अरुंद पडतें. मग घडीचे कागद जोडणें, बारीक टाईप वापरणें, शाखांचे तुकडे पाडून निरनिराळ्या पानांवर देणें, असे उपाय निघाले. नांवें कमी करणें हा सर्वांत स्वस्त उपाय. पुत्रांचाच वंश मोजण्याची रीत आधींपासून होतीच. छापखान्याच्या काटकसरीनें तिला आणखी एक कारण पुरविलें. कन्या दुसऱ्या घरीं गेली, तेव्हां तिची फांदी येथें कशाला, असें म्हणतां येऊं लागलें; आणि पत्नीसाठीं तर आकृतींत जागाच नव्हती.

फांद्यांइतकाच रेघेवरचा शब्दहि महत्त्वाचा असतो, हें पेशव्यांच्या घराण्यावरून दिसतें. या घराण्याचा नाशिकशीं निकटचा संबंध होता. रघुनाथरावाचें आनंदवल्ली नाशिकच्या शेजारींच. नानासाहेब पेशव्याची पत्नी गोपिकाबाई हिचे अखेरचे दिवस नाशिक परिसरांतच गेले, आणि १७८८ सालीं ती वारली. रघुनाथरावानें अमृतरावास दत्तक घेतलें. पुढें १७७५ मध्यें त्याला दुसरा बाजीराव हा औरस पुत्र झाला. आकृतींत दोघांच्या रेघा सारख्याच दिसतात, पण गादीच्या वादांत त्या सारख्या मानल्या जात नाहींत. दुसऱ्या बाजीरावानें १८२७ मध्यें धोंडोपंत ऊर्फ नानासाहेब यास दत्तक घेतलें. १८५१ सालीं बाजीराव वारला, तेव्हां त्याचें आठ लाखांचें वार्षिक वेतन दत्तक पुत्रास देण्याचें इंग्रज सरकारनें नाकारलें. साताऱ्याचें राज्य तर १८४८ मध्येंच, दत्तकाचा हक्क अमान्य करून, खालसा झालें होतें. 'दत्तक' हा तीन अक्षरांचा शब्द रेघेवर लिहिला आहे कीं नाहीं, आणि तो कोण कसा वाचतो, यावर एवढें अवलंबून होतें.

शिशाच्या टाईपाचा काळ संपत आला, तेव्हां या जुन्या प्रश्नास एका वेगळ्याच बाजूनें उत्तर मिळालें. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक डोनाल्ड कनूथ हे संगणनशास्त्रावर एक बहुखंडी ग्रंथ लिहीत होते. १९६८ सालीं निघालेल्या पहिल्या खंडांत त्यांनीं वृक्षाकृतींचा सविस्तर विचार केला आहे. गणितांत 'वृक्ष' ही संज्ञा आर्थर केली या इंग्रज गणितीनें १८५७ मध्यें योजिली होती; कनूथ यांनीं कुटुंबांच्या वंशावळींचेंहि उदाहरण घेतलें, आणि तोच वृक्ष रेघांनीं, समास सोडून किंवा कंसांत कंस घालून कसा लिहितां येतो, हें दाखविलें. पुढें १९७७ मध्यें दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीचीं मुद्रितें त्यांच्या हातीं आलीं. जुळणी आतां शिशाऐवजीं छायाचित्रणाच्या पद्धतीनें केलेली होती, आणि तिचें रूप त्यांना मुळींच पसंत पडलें नाहीं. तेव्हां त्यांनीं स्वतःच अक्षरजुळणीची एक संगणकीय आज्ञावली लिहावयास घेतली. तिचें नांव 'टेक्'.

टेक्‌च्या रीतींत लेखक पानावर कोणतें अक्षर कोठें बसवावें, हें सांगत नाहीं. तो मजकुराची रचना सांगतो: हें शीर्षक, हा परिच्छेद, हें समीकरण. जागा ठरविण्याचें काम यंत्राकडे. हेंच तत्त्व वृक्षाकृतीस लावलें, कीं वृद्धाचें तें तोंडी सांगणें जसेंच्या तसें कागदावर उतरवितां येतें. मात्र प्रत्येक फांदीचा आरंभ व शेवट कंसानें दाखवावयाचा. पेशव्यांच्या घराण्यांतील कांहीं नांवें घेतलीं, तर तें असें दिसेल:

[बाळाजी विश्वनाथ
— [पहिला बाजीराव
— — [नानासाहेब [विश्वासराव] [माधवराव] [नारायणराव [सवाई माधवराव]]]
— — [रघुनाथराव [अमृतराव : दत्तक] [दुसरा बाजीराव] [चिमाजी]]
— — [समशेर बहादर]]
— [चिमाजी अप्पा [सदाशिवराव]]]

कंस उघडला म्हणजे एक पायरी खालीं उतरावें. मिटला म्हणजे त्या माणसाचें सर्व सांगून झालें असें समजून वर यावें. ओळींच्या आरंभींच्या आडव्या खुणा केवळ डोळ्यांच्या सोयीसाठीं आहेत; त्या पुसल्या तरी अर्थ ढळत नाहीं. ज्याच्यापुढें आकृति नाहीं, अशा माणसालाहि हें नुसतें वाचून दाखवितां येतें, आणि ऐकणाऱ्यास त्यावरून बिनचूक आकृति काढतां येते. अमृतरावाच्या नांवापुढें येथें सोपी खूण दाखविली आहे. प्रत्यक्ष आज्ञावलींत त्यासाठीं ठराविक शब्द असतात, आणि ती चिठ्ठी बाप व मुलगा यांना जोडणाऱ्या रेघेच्या मध्यभागीं आपोआप बसते.

यंत्र पुढचें काम कसें करतें, हें समजून घेणें कठीण नाहीं. तें सर्वांत खालच्या नांवांपासून आरंभ करतें. प्रत्येक नांवाची रुंदी व उंची मोजून त्याभोंवतीं एक अदृश्य चौकट कल्पितें. सख्ख्या भावंडांच्या चौकटी ओळीनें मांडून त्यांच्या मध्यावर बापाचें नांव ठेवतें. मग हा छोटा वृक्ष सबंध उचलून, त्याच्या शेजारच्या वृक्षाजवळ सरकवितें. दोघांच्या कडा एकमेकांस लागणार नाहींत, एवढेंच अंतर राखतें. असें करीत तें मूळ पुरुषापर्यंत चढतें. चार्ल्स वेदरेल व आल्फ्रेड शॅनन यांनीं १९७९ सालीं, आणि एडवर्ड राइनगोल्ड व जॉन टिलफर्ड यांनीं १९८१ सालीं, अशा मांडणीच्या रीती प्रसिद्ध केल्या. पुढें टिल टांटाउ या जर्मन संगणकशास्त्रज्ञानें टेक्‌साठीं 'टिक्झ' हें चित्रे काढण्याचें साधन तयार केलें; आणि त्याच्या आधारें साशो झिवानोविच या स्लोव्हेनियांतील भाषाशास्त्रज्ञानें 'फॉरेस्ट' नांवाचें, केवळ वृक्षांसाठींच, साधन रचलें. भाषाशास्त्रज्ञाला याची गरज पडावी, यांत नवल नाहीं. वाक्याचें पृथक्करण करून त्याचे घटक दाखवावयाचे, तर तोहि वृक्षच होतो. आणि त्याच्या प्रत्येक गांठीस नांव द्यावेंच लागतें.

देवनागरीचा प्रश्न मात्र निराळा होता. रोमन अक्षरें एकापुढें एक बसतात. देवनागरींत वेलांटी, मात्रा व रफार वर चढतात, उकार खालीं उतरतात आणि जोडाक्षरें आपलें रूपच बदलतात. वरून येणारी फांदीची रेघ नांवाच्या वेलांटीवर आदळतां कामा नये, आणि खालीं जाणारी रेघ उकाराला छेदतां कामा नये. हॉलंडमधील फ्रान्स व्हेल्थाउस यांनीं १९९१ मध्यें टेक्‌साठीं देवनागरी टाईप सिद्ध केला; त्यांत मजकूर रोमन अक्षरांत लिहावा लागे व यंत्र तो देवनागरींत बदली. त्याच वर्षीं युनिकोड या जागतिक संकेताची पहिली आवृत्ति निघाली, आणि तींत देवनागरीस स्थान मिळालें. २००४ मध्यें जोनाथन क्यू यांनीं टेक्‌ची युनिकोडवर चालणारी आवृत्ति प्रसिद्ध केल्यावर मराठी नांव मराठींतच लिहून वंशवृक्ष काढणें शक्य झालें. प्रत्येक चौकटीची उंची आणि ओळीखालील खोली यंत्र वेगवेगळी मोजतें. त्यामुळें 'कृष्णाजी' या नांवाखालीं जितकी जागा हवी, तितकीच सुटते.

एवढें झालें तरी कंसांची मर्यादा विसरून चालणार नाहीं. कंसांच्या वृक्षांत प्रत्येकाला वरून एकच रेघ येते; म्हणजे प्रत्येकास एकच जन्मदाता. पण माणसाला आई आणि बाप दोन्ही असतात. दत्तक पुत्राला जनक घर व दत्तक घर अशीं दोन घरें असतात. मामेबहिणीशीं लग्न करण्याची चाल जेथें आहे, तेथें दूर गेलेल्या फांद्या पुन्हा एकमेकींस मिळतात. अशा ठिकाणीं शुद्ध वृक्ष उरत नाहीं. आज्ञावलींत यासाठीं आडवी तुटक रेघ ओढण्याची आणि तिच्यावर शब्द लिहिण्याची सोय आहे. परंतु ती रेघ लेखकानें आठवणीनें मागावी लागते. यंत्र स्वतः होऊन कधींच म्हणत नाहीं कीं, येथें गोपिकाबाईचें नांव राहिलें. वरच्या उदाहरणांतहि तें नाहीं. समशेर बहादराची माता मस्तानी, हेंहि त्या कंसांवरून कोणास कळणार नाहीं.

या उणिवेची किंमत केवळ इतिहासाच्या अभ्यासकास मोजावी लागते, असें नाहीं. महाराष्ट्रांत जमिनीवर वारसांचीं नांवें चढवितांना वंशावळ मागितली जाते. महाराष्ट्रानें १९९४ सालीं कायदा करून वडिलोपार्जित एकत्र मिळकतींत मुलीस मुलाप्रमाणें जन्मतः हक्क दिला. त्यांतून त्यापूर्वीं विवाह झालेल्या मुली वगळल्या होत्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनें तो भेद काढून टाकला, आणि २०२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें कीं, दुरुस्तीच्या दिवशीं पिता हयात असणें आवश्यक नाहीं. कायद्यानें फांदी मान्य केली. परंतु ती कागदावर काढलेलीच नसेल, तर हक्क सांगणारीला आधीं आपलें अस्तित्व सिद्ध करावें लागतें. आजोबांच्या हस्ताक्षरांतील जुनी वंशावळ कितीहि प्रामाणिकपणें लिहिलेली असो, तींत आत्याचें नांव नसणें हा आतां केवळ रिवाज राहत नाहीं. तो पुरावा म्हणून पुढें येऊं शकतो.

शिशाच्या खिळ्यांच्या काळीं 'जागा नाहीं' हें उत्तर अगदींच खोटें नव्हतें. एका नांवापायीं सारी चौकट उकलावी लागे, तेथें जुळविणाऱ्याला दोष देतां येत नाहीं. आज एक कन्या वाढविणें म्हणजे कंसांची एक जोडी वाढविणें. बाकीचीं सर्व नांवें निमूटपणें सरकतात आणि रेघा पुन्हा जुळतात. पत्नीचें नांव पतीच्या नांवाशेजारीं एकाच चौकटींत लिहावें, दत्तकाच्या रेघेवर दत्तक लिहावें, मुलगी दुसऱ्या घरीं गेली तर त्या घराचें नांव तिच्या रेघेवर द्यावें, यांत कोणतीच यांत्रिक अडचण राहिलेली नाहीं. अडचण राहिली असेल तर ती लिहिणाऱ्याच्या इच्छेची.

त्रिरश्मि डोंगरावर गौतमी बलश्रीनें आपली वंशावळ कोरविली, तेव्हां तिच्यापुढें रेघ नव्हती, कंस नव्हता, कागदहि नव्हता. तिच्या मुलाचें नांव इतिहासांत तिच्या नांवासह आलें, याचें कारण नात्याचा शब्द सोडावयाचा नाहीं, असा त्या लेखाचा नियम होता. तिच्या सुनेच्या वांट्याला मात्र तेवढें भाग्य आलें नाहीं. पुळुमावीच्या नांवांत ती 'वासिष्ठी' एवढ्याच शब्दानें उरली आहे. सुमारे अठराशें वर्षांच्या अंतरावरून आजचा अभ्यासक तिचें खरें नांव शोधूं गेला, तर त्या लेखांत त्याला रिकामी चौकटच सांपडते. आपल्या घरच्या वंशवृक्षांत तशी एखादी चौकट रिकामी आहे काय, हें पाहून ती भरण्याचें काम प्रत्येक कुटुंबास करतां येण्यासारखें आहे. आणि त्या नांवांची आठवण असलेलीं वृद्ध माणसें घरांत आहेत, तोंवरच तें करावयास हवें.